भरताची वांगी आणि ॲस्पिरिन

४ नोव्हेंबर
...मी दूध चुलीवर ठेवून पाणी भरत होते. हे परसातून ओरडले, "अगं, दूध!" गेलंच उतू. इतकीच ती सकाळ. आज उगाच आठवली. एका जागी बसवत नाही.

चोवीसला ह्यांचं वर्षश्राद्ध. भरीत ह्यांनी राखलेल्या बियाण्याच्या वांग्यांचंच करणार, सगळ्यांना सांगून ठेवलंय. झाडांना फुलं आहेत. अळ्यांनी पानांची चाळण केलीय, पण काळजी नाही. रद्दीतून वनस्पतिशास्त्राचं पुस्तक आणलंय.

६ नोव्हेंबर
कळलं! अळीने कुरतडलं की झाड जास्मोनिक आम्ल नावाचं हार्मोन तयार करतं. मग पानं अळीला पचत नाहीत. म्हणजे झाडाला आपणच थोडं दुखवायचं. टाचणीने पानं टोचली. नणंद नंदाबाई कुरवंड्याहून आली होती. म्हणाली, "वयनी, अळ्या कमी पडल्या व्हय, तुमीबी लागला?"
तिला शास्त्र सांगण्यात अर्थ नाही.

९ नोव्हेंबर
अळ्या सुस्त वाटल्या. थंडीमुळे नसावं.

१२ नोव्हेंबर
नवीन प्रकरण. सॅलिसिलिक आम्ल हेही झाडाच्या संरक्षणाचं हार्मोन. ॲस्पिरिन त्याचंच भावंड. ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या कपाटात आहेत. कधीतरी लागतील म्हणूनच ठेवल्यात, दुसरं काही नाही. कुटून, पाण्यात कालवून फवारल्या. दोन हार्मोन म्हणजे दुप्पट राखण. प्रकरण अर्ध्यावर सोडलं, पुढचं उघडच होतं.

१७ नोव्हेंबर
अळ्या जाड झाल्यात. औषधाने सूज आली असावी.
नंदाबाई म्हणाली, "लय बाळसं धरलंय! दादाच्या गोळ्या लागू पडल्या त्येंला."
तिच्यासमोर हसले नाही. घरात येऊन हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

२१ नोव्हेंबर
प्रकरण पुरं केलं. सॅलिसिलिक मुख्यतः रोगांसाठी. ते वाढलं की जास्मोनिक दबतं. म्हणजे अळ्यांवरचा राखणदार मीच झोपवला. पुस्तकवाल्यांनी हे आधी लिहायला हवं होतं.
दोन फुलं शिल्लक आहेत. तीन दिवसांत वांगी येत नाहीत, असं कुठे लिहिलेलं नाही.

२३ नोव्हेंबर
नुसते दांडे. नंदाबाई मुक्कामाला आलीय. परसात उभी राहून बघितलं आणि आत जाऊन लसूण सोलायला बसली. एक टोमणा नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर
सकाळी सोमाटण्याहून वांगी आणली. भाजली, भरीत केलं. पंगतीत नंदाबाई पहिल्या घासाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादाच्याच वांग्यांची चव हाय."
मी तिला आणखी वाढलं.