गुरुवारच्या सामन्यात आमचं काय होणार

बाई, परवा आपण जिंकलो. हे सांगावं असं माणूस या गावात सापडेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. सामना संपल्यावर कॉलेजच्या ग्रुपवर पोरींचा फोटो टाकला, तर दोन-चार अंगठे आले आणि एकानं विचारलं, खो-खोच्या पोरी का? गेटवरच्या मामांना मी कौतुकानं सांगायला गेले, तर ते म्हणाले, "व्हय का मॅडम, किती गडी बाद केले?" धाराशिवात मैदान म्हटलं की खो-खो, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष. तुम्ही कोल्हापूर सोडून इथं नोकरीला आलात, पोरींना फुटबॉल शिकवते म्हणालात, तेव्हाही लोक असंच बघत होते. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, पण त्यात काडीचा फरक नाही.

जिंकलीस ते कळलं, पुढं काय ते सांग, असं तुम्ही म्हणाला असता. सांगते. गुरुवारी बीडच्या कॉलेजशी सामना आहे, आपल्याच मैदानावर. जिंकलो तर विद्यापीठाची शेवटची फेरी, हरलो तर हंगाम तिथंच संपला. आपली गोलकीपर ढोकीची आहे. घरी उसाच्या मोळ्या उचललेली पोर, चेंडू एकदा हातात आला की बापजन्मी सुटायचा नाही, पण तो येईपर्यंत ती डोळे मिटून घेते. बचावातली सगळ्यात भक्कम पोर लोहाऱ्याहून एसटीनं येते. ती गाडी चुकली की आपला बचावही चुकला म्हणून समजा. मधल्या फळीतल्या दोघी एकमेकींवर रुसल्यात, एकीचा चेंडू दुसरीकडं जात नाही. कारण विचारलं तर दोघी हसतात आणि सांगत नाहीत. एवढं सगळं असून आपण इथवर आलो ते उजव्या बाजूच्या पोरीमुळं.

ती बेंबळीची, म्हणजे माझ्याच गावची. आणि माझ्यासारखीच आधी खो-खोत वाढलेली. एकदा दिशा धरली की खांब ओलांडल्याशिवाय मागं वळायचं नाही, हे पायात असं मुरलंय की चेंडू घेऊन निघाली की सरळ कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत जाते आणि त्याला वळसा घालूनच थांबते. मधे गोल दिसू दे नाहीतर देव दिसू दे. तुम्ही मला किती ओरडायचात, अगं खांब नव्हे तो, झेंडा हाय! शेवटी दमलात आणि बाकीच्यांना म्हणालात, ही बया तिथवर जाणारच, तुम्ही आपल्या गोलसमोर जाऊन उभ्या राहा. मीही तेच केलंय. परवाचा गोल तसाच झाला. ती झेंड्यापाशी पोहोचली, तिथून चेंडू उचलून मारला, समोर आपल्या तिघी उभ्याच होत्या. बीडवाल्यांना हे माहीत नाही. ती असेल तर आपण जिंकू, बाई, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

पण ती नसणार. काल खो-खोचे सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले. राज्याच्या संघाची निवड चाचणी नेमकी गुरुवारीच, पुण्याला. पोर अजून त्यांच्याकडंही खेळते, तिचं नाव गेलंय आणि तिची निवड होईल अशी त्यांना खात्री आहे. "मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले, "पण खो-खोवर इथल्या पोरी पोलिसात गेल्या. फुटबॉलवर कुणाचं काय झालं ते सांगा." माणूस सरळ आहे आणि बोलला ते खरं बोलला. संध्याकाळी सराव संपल्यावर पोर आपणहून आली. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "मॅडम, म्या जात न्हाय पुण्याला. तुमाला सोडून कशी जाऊ? तुमी एकट्याच तर हाव."

बाई, मी पण असंच थांबले होते. तुम्हाला आठवत असणार. माझी खो-खोची चाचणी आणि आपला सामना एकाच दिवशी आला, आणि मी चाचणीला न जाता ऐटीत तुमच्या खोलीवर आले. तुम्ही स्वयंपाकघरात खलबत्त्यात चटणी कुटताय. मी दारातूनच सांगते, मी तुमच्यासाठी थांबले. तुम्ही विचारता, कुणाला विचारून? मी म्हणते, कुणालाच नाही, तुम्ही एकट्या पडाल म्हणून. तुम्ही बत्ता असा आपटलात की चटणी माझ्या परकरावर उडाली. "माझी कीव करतीस? मला काय धाड भरलीया? चल, निघ हितनं." त्या दिवशी तुम्ही मला भाकरी विचारली नाहीत. सामना आपण हरलो आणि पुढं कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मला फार लागलं होतं ते. या बाईला माझी किंमत नाही, असं मी वर्षानुवर्षं धरून बसले.

काल ती पोर बोलली आणि मला इतकं बरं वाटलं, बाई, इतकं बरं वाटलं की माझीच मला भीती वाटली. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही. तुम्हालाही त्या दिवशी असंच बरं वाटलं असणार. तुमचं तरी इथं कोण होतं? मला घालवलं नसतंत तर तुम्ही मला ठेवूनच घेतलं असतंत, हे मला आत्ता या वयात कळतंय. राग माझ्यावर नव्हताच.

मला तुमच्यासारखं आपटता येत नाही. तिला पायरीवर बसवलं आणि म्हटलं, सामना पुढच्या वर्षीही असतोय, निवड तुझी वाट बघत बसत नसते. ती म्हणाली, "तुमाला नगं झाले का म्या?" मी म्हटलं, तसं समज हवं तर, पण गाडी चुकवू नको. रडत गेली. आज दुपारी पुण्याच्या गाडीत बसली असं कळलं. मला सांगायला आली नाही, आणि न येणंच बरोबर. उजव्या बाजूला आता वसतिगृहातल्या एका पोरीला खेळवते. चांगली आहे, झेंड्याच्या कितीतरी आधी वळते, आणि तोवर गोलसमोर आपलं कुणी पोहोचलेलं नसतं. दोन दिवसांत सगळ्यांच्या सवयी बदलायच्या म्हणजे कठीण आहे. तुम्ही खोटं खपवून घ्यायचा नाहीत, म्हणून स्पष्ट लिहिते. गुरुवारी आपण हरू.

मग मैदान खो-खोवाल्यांचं. आज सराव सुटताना मी पोरींना सांगितलंय, निकाल काही लागो, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी यायचं. गोलकीपरनं विचारलं, "आता कशाला ओ मॅडम?" मी म्हटलं, पुढच्या हंगामाची तयारी. पोरी भोळ्या आहेत, बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. तयारी कसली, बाई. संध्याकाळ झाली की मला घरी जायला नको वाटतं.