ओडेसाची उडी

व्हर्नन,

आज दुपारी आपल्या ओडेसाने कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात डंक केला. हात रिंगच्या वर नेऊन चेंडू आत आपटला. मुलींच्या सामन्यात हे क्वचितच दिसतं. तू डेट्रॉइटला निघून गेलास तेव्हा ही पोर माझ्या खांद्याला लागत होती.

गेल्या महिन्यातही तिने हा प्रयत्न केला होता. चेंडू रिंगवर आदळून प्रेक्षकांत गेला आणि लोक खो खो हसले. कोचबाई म्हणाल्या, "चेंडू कसाही टाकलास तरी गुण दोनच मिळतात. पुन्हा हा आगाऊपणा केलास तर बाकावर बसवीन."

आज तिने मधूनच चेंडू हिसकावला आणि पळत सुटली. पुढे कुणीच नव्हतं. कोचबाई ओरडल्या, "साधा टाक गं बाई!"

माझ्या शेजारची डार्लीन म्हणाली, "ही कसली ऐकतेय!"

आणि ती उडाली. रिंग थरथरली. समोरच्या संघातल्या मुलीसुद्धा डोक्याला हात लावून हसत उभ्या राहिल्या. कोचबाईंनी तिला बसवलं नाही. त्या टॉवेलमध्ये तोंड लपवून रडत होत्या.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "डॅडला कळवू?"

"तू नको, मॉम. मीच फोन करते. शनिवारी सामना आहे, या म्हणते."

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. बातमी तिची आहे, तिच्याच तोंडून ऐक. शनिवारी माझ्या शेजारची खुर्ची मी कोट टाकून अडवून ठेवणार आहे, हेही तुला कळायला नको.

लुएला