परत एकदा सांग

वारजे, शनिवार संध्याकाळ

आज पालकसभा झाली. आरती बालगृहातून आमच्याकडे संगोपनाला आल्यापासूनची पहिलीच. शर्टाला दोनदा इस्त्री केली. बाईंनी माझं शिक्षण विचारलं तर? नववीत शाळा सोडलेला माणूस पाचवीच्या मुलीचा काय अभ्यास घेणार, हीच धास्ती.

बाई म्हणाल्या, "हल्ली आरती आपणहून हात वर करते. फळ्यापाशी येऊन सगळ्यांना अपूर्णांक समजावते. घरी कोण शिकवतं?"

मी बाहीवरची इस्त्रीची घडी नीट करू लागलो. आरतीच बोलली, "शिकवत कोणी नाही. मीच रोज काकांना शिकवते. त्यांना पटकन कळत नाही, तीन-तीनदा सांगावं लागतं."

बाई हसल्या. "अहो, मग तुम्हाला असंच उशिरा कळत राहू दे."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. हा टोमणा होता की शाबासकी? पुण्यात सांगता येत नाही. बायको म्हणते, शाबासकीच.

आत्ता आरतीने अपूर्णांकांची वजाबाकी करून दाखवली. "कळलं का, काका?"

कळलं होतं. आज पहिल्याच वेळी.

"नाही गं," म्हटलं, "परत एकदा सांग."