भंगारात चालणारा ठिपका

अप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी कोळारच्या भंगार गोदामातली ती सकाळ आठवली की मला आधी हसूच येतं. तुम्ही तिथं राखणदार, आणि मी पुण्याच्या कंपनीकडून किरणोत्सार तपासायला आलेली. बाहेरदेशच्या भंगारात चुकून एखादा घातक तुकडा येतो, म्हणून मालकानं बोलावलेलं. आमचा कॅमेरा फोटो काढायचा आणि किरणं जिथून येतात तिथं लाल ठिपका दाखवायचा. लोखंडाच्या ढिगावर अर्धा तास काहीच नाही. मग एक ठिपका उमटला, पण पुढच्या फोटोत तो फाटकाकडं सरकलेला, तिसऱ्यात माठापाशी. "भंगार चालायलंय काय?" माझ्यासोबत आलेले आमचे साहेब ओरडले. मी पडद्यावर निरखून पाहते तर ठिपका तुमच्या गळ्यावर, आणि तुम्ही निवांत तंबाखू मळताय.

मी धावत आले. तुम्ही दोन्ही हात आडवे केले. "थांब माय, लांब थांब! डॉक्टरनं सांगितलंय."

"कुठला डॉक्टर?"

"हैदराबादचा. गळ्यात गाठ होती. गाठ जाळायला एक किरणांची गोळी दिली अन् पंधरा दिवस लेकराबाळांपासून दूर राहा म्हणला."

"हैदराबादला तुम्ही लग्नाला गेला होता ना?"

"व्हय. वऱ्हाडी मी एकटाच."

तेव्हा कुठं मला उलगडा झाला. अक्काच्या तान्ह्या पोरीला तुम्ही हात लावत नव्हता, झोपायलाही गोदामावरच. तिसरीही मुलगीच झाली म्हणून तुम्ही रुसलात, असं आईनं ठरवून टाकलं होतं, आणि आठ दिवस तुमच्या डब्यात नुसतं बिनतेलाचं पिठलं जात होतं.

"कामून सांगितलं न्हाई?"

"तुझी आई रडली असती. त्यापरीस पिठलं परवडलं."

साहेबांनी अहवालात लिहिलं, गोदाम निर्धोक, राखणदार काही दिवस वगळता. मालक आठवडाभर तुम्हाला रस्त्यापलीकडूनच नमस्कार करायचा. मी आईला सांगितलं तेव्हा ती रडली, मग तुमच्या नावानं भांडली, मग डब्यात शेंगाची पोळी धाडली. सोळाव्या दिवशी तुम्ही पोरीला उचललंत ते सांजेपर्यंत खाली ठेवलं नाही. गाठही पुढं विरली.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, आईलाही दाखवणार नाही. क्षणभर जवळ आल्यानं काही होत नाही, हे मी शिकलेले होते, लोकांना शिकवत होते. तरी तुम्ही "लांब थांब" म्हणालात आणि मी थांबले. तुमचा शब्द मोडला नाही, असंच सगळ्यांना सांगत आले. पण अप्पा, मी भ्याले होते.