मुंगीची टिंबं

४ जून

मुंगीनं आज भर वर्गात माझी पार हवा काढली!

जपानीच्या वर्गात धडा होता घड्याळजीचा. पानभर चित्रांसारखी अक्षरं, त्यांना कांजी म्हणतात. त्यातली माझ्या ओळखीची पाच-सहा: म्हातारा, दुकान, किल्ली, माणूस, समुद्र. बस, मला तेवढी पुरतात! उभा राहिलो आणि दिलं ठोकून — नोकरानं दुकानाची किल्ली चोरली, बोटीत बसून पळाला, म्हातारा किनाऱ्यावर रडत बसला. हातवारे, आवाज, सगळं साग्रसंगीत. वर्ग खूश. मागच्या बाकावरून टाळ्या.

तेवढ्यात मुंगी — "चोरली असं कुठंय? किल्ली म्हाताऱ्यानंच दिली की. दुकान त्याच्या हवाली केलं आणि स्वतः समुद्राकाठी राहायला गेला."

बाई हसल्या. "गोष्ट झकास होती रे. फक्त पानावर नव्हती. तू वाचत नाहीस, तू ठरवतोस."

पुन्हा टाळ्या. या खेपेला माझ्यावर.

मुंगी हे नाव मीच ठेवलंय. एवढीशी पोरगी, आणि ओळीखालून बोट सरकवत चालते तेही मुंगीच्या पावलांनी. तरी माझ्या आधी पोचते. कशी?

५ जून

जेवण गेलं नाही. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पोटात दुखतंय ते खाल्लेलं की पाहिलेलं?" हिला सगळं कळतं!

८ जून

मोठी बातमी! दादाच्या कारखान्यात जपानी यंत्रं आलीत. माहितीपुस्तकं जपानीत, पडद्यावरच्या सूचना जपानीत. वाचून सांगायला एक माणूस हवाय. फक्त एक. पक्की नोकरी. फोरमन वर्गात आले होते. बाईंनी दोन नावं दिली — माझं आणि मुंगीचं. एकोणतीस तारखेला दोघांना कधी न पाहिलेलं पान देणार. शब्दकोश नाही. वाचायचं आणि काय लिहिलंय ते तोंडी सांगायचं.

मी ट्रकवर राहून पाहिलं, लॉजवर राहून पाहिलं, मंडपवाल्याकडे बांबूही वाहिले. कुठेच बूड टेकलं नाही. आता दादाच्या बाहेरच्या खोलीत खाट टाकून पडलोय. पाहुणे आले की खाट उभी करायची आणि आपण गच्चीवर जायचं. ही नोकरी मला हवीय. तिला कशाला हवी? तिचं कुठेही जमेल. पेन्सिलसुद्धा थोटकी होऊन संपेपर्यंत वापरणारी पोरगी ती.

११ जून

दिवसभर तिच्यावर डोळा ठेवला. शिकवणी बाईंची आणि बघणं हिच्याकडे!

आधी ती खालचे प्रश्न वाचते. मग धडा. अडला शब्द की त्याच्यावर बारीक टिंब देते आणि पुढे जाते. थांबत नाही, कोश उघडत नाही. शेवटाला पोचून पुन्हा मागे येते. मग काही टिंबं खोडते, कारण पुढच्या वाक्यानं अर्थ सांगितलेला असतो. उरतात ती तशीच.

म्हणजे न कळलेलं जपून ठेवते! आपल्याला काय येत नाही त्याच्यावर कोण स्वतःहून खूण करतं? मी तर ते चादरीखाली सरकवतो.

१४ जून

वर्गाला दांडी. क्रेननं पाण्याची टाकी पाचव्या मजल्यावर चढवत होते. अख्खी टाकी हवेत! बघावंच लागलं.

मुंगी तिथे थांबली नसती. ती टाकीवर टिंब देऊन पुढे गेली असती.

१७ जून

जिन्यात गाठलं तिनं. "तू इतकं भराभर कसं सांगतोस रे? अडतच नाहीस."

टोमणा! मी म्हणालो, "उपजत आहे."

नंतर सायकल काढताना वर पाहिलं, तर ही बया वर्गाच्या खिडकीशी. पान मिटलेलं, तोंडाची टकळी चालू, हात हवेत. थेट माझे हातवारे! माझी नक्कल करतेय! आणि स्वतःशीच हसतेय. अंगाचा तिळपापड झाला.

येताना पेन्सिल घेतली. नवीकोरी लांबलचक. घरी येऊन मोडून थोटकी केली, तिच्यासारखी. का ते विचारू नये.

२० जून

दादा हात धूत होता. तेल नखांत गेलेलं, निघत नाही. मी ऐटीत म्हणालो, "नोकरी मिळाली की तुझं यंत्र मीच वाचणार."

तो म्हणाला, "वाच बाबा. पण नीट वाच. तू सांगशील त्यावर मी हात आत घालणार."

आणि टॉवेल घेऊन गेला. मी त्याच्या हातांकडे बघत बसलो. घड्याळजीच्या किल्लीची चोरी आठवली.

२४ जून

टिंबं देतोय. पानाला गोवर आल्यासारखं दिसतं. पण शेवटाला जाऊन परत आलो की पाच-दहा पुसता येतात! आपोआप! हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? (बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा मी खिडकीबाहेर होतो.)

वहिनीला एक धडा सांगितला. चार वाक्यांत संपला. ती म्हणाली, "बस? एवढंच? मागे तर चोर बोटीत बसून पळाला होता."

एवढंच होतं, वहिनी!

२९ जून

दोघांना एकच पान. कापायच्या यंत्राची सफाई. आधी मुंगी.

ती उभी राहिली आणि मी हादरलो. ओळीखाली बोट नाही, अडखळणं नाही. हात हवेत, आवाज खणखणीत — "बटण बंद करा, झाकण उघडा, पातं पुसून घ्या!" फोरमन मान डोलावत होते. झालं, मी मनात खाट उचलली.

माझी पाळी. मी म्हणालो, "बटण बंद केल्यावर पुढे तीन शब्द मला येत नाहीत. त्यानंतर दिव्याचं काहीतरी आहे, आणि तोपर्यंत काहीतरी करू नका असं आहे. झाकण त्याच्या नंतर येतं. हे तीन शब्द कळल्याशिवाय मी कुणाला झाकण उघडू देणार नाही. तिथे माझा भाऊ कामाला आहे."

फोरमननी पान बाईंपुढे सरकवलं. मग बाई हळू म्हणाल्या, "बटण बंद केलं तरी पातं फिरत राहतं. लाल दिवा विझेपर्यंत झाकण उघडायचं नाही. असं लिहिलंय."

नोकरी माझी. दादानं पाठीत असा धपाटा घातला की अजून चुणचुणतंय. जिंकलो! मुंगीला हरवलं!

ती बाकावर बसून राहिली होती. बोट टेबलावर, पण सरकत नव्हतं.

३० जून

जिन्यात भेटली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तुझ्यासारखं न अडता सांगायला गेले. खिडकीशी उभी राहून रोज तेच घोकत होते. टिंबं देणं सोडलं होतं. फार बावळट वाटायचं रे, तुझ्यासमोर."

माझ्या खिशात थोटकी पेन्सिल होती. हात आत घातला, मुठीत धरली. बाहेर काढली नाही.