फुटाळ्याचा विसावा

वाडी, नागपूर
१८ नोव्हेंबर १९८१

ती. सौ. सिंधूताईस,
पुष्पलताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं कार्ड पावलं. धान घरात आलं आणि बाबारावभाऊजींची कंबर धरली, दोन्ही बातम्या एकदमच कळल्या. कंबर शेकून घ्या म्हणावं, आणि पोती उचलायची हौस आता पुरे.

आमच्याकडे महाभारत चालू आहे. दवाखान्यातली ड्यूटी सुटल्यावर मी वाडीची बस अर्ध्यात सोडते आणि फुटाळा तलावावर जाऊन थोडा वेळ बसते, हे कोणीतरी सासूबाईंच्या कानी घातलं. आता त्यांचं एकच पालुपद, सरळ घरी ये, नाहीतर नर्सची नोकरी सोड. ह्यांचंही तेच, फक्त हळू आवाजात.

ताई, जळालेल्या बायांचा वॉर्ड म्हणजे काय, कसं सांगू? प्रत्येक पोरगी म्हणते, स्टोव्ह भडकला. दारात सासू उभी असते, तोवर तेच म्हणते. ते डोळे पाहून आल्या आल्या मला पोळ्या लाटता येत नाहीत. आता फुटाळ्यावरच माझा विसावा. एकदा तिथे टेकलं की सगळं सुटतं.

भाऊजींना नमस्कार. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
पुष्पा


रामटेक
२२ नोव्हेंबर १९८१

चि. सौ. पुष्पलतास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पुष्पे, डोकं ठिकाणावर आहे का तुह्यं? तुह्यं पत्र वाचलं अन् माह्या हातातलं भगोणं पडलं. विसावा म्हणजे मसणाच्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात ती जागा! तळ्याकाठी माझा विसावा, तिथं सगळं सुटतं, असं काहून लिहिलं वं? तुह्ये भाऊजी उद्या पहिल्या मोटारीनं हेच पत्र घेऊन येऊन राहिले. कंबर धरलेली आहे, तरी येऊन राहिले.

माह्यं ऐक, नोकरी सोड. अन् नसंल सोडायची तर ते तळं तरी सोड. पोरी जळून राहिल्या अन् ही बाई बदकं पाहून राहिली, असं लोक म्हणतीन. माह्याकडे पाह्य. सासूबाई अंथरुणाले खिळल्यापासून मी घडीभर कुठं जाऊन बसली नाही. बाईच्या जातीले हे असंच राहते.

आल्या माणसासोबत खुशाली कळव. माह्या जिवाले घोर लावू नको.

तुही,
ताई


वाडी, नागपूर
२७ नोव्हेंबर १९८१

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

भाऊजी थेट फुटाळ्यावर आले. मला धडधाकट पाहून आधी रडले, मग भजी मागितली. अख्खा पुडा त्यांनीच संपवला, हे त्यांनी सांगितलं नसेलच.

तू घाबरलीस, माझं चुकलं. पण शब्द चुकला नाही. विसाव्यावर तिरडी कशाला ठेवतात गं? मेलेल्याला थोडाच दम लागतो! खांदेकऱ्यांना खांदा बदलता यावा म्हणून ठेवतात. तिथे कोणी म्हणतं का, बघा, ह्यांना दुःखच नाही?

परवा एक पोरगी माझ्या हातात गेली. मी फुटाळ्यावर गेले. खंड्यानं पाण्यात सूर मारला, मासा घेऊन बाभळीवर बसला, आणि उन्हात असा निळा झळकला की मला आनंद झाला. हो, झाला! त्याची लाज मी बाळगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉर्डात उभी राहिले. नव्या पोरीच्या सासूला दंडाला धरून बाहेर काढलं, दार लावलं, पोरीचा हात धरला. तिनं जबाब घ्यायला आलेल्या साहेबांना खरं काय ते सांगितलं. आदल्या दिवशी मी सरळ घरी गेले असते, तर एवढं बळ माझ्यात उरलं नसतं.

म्हणून नोकरी सोडणार नाही आणि फुटाळाही सोडणार नाही, असं घरात सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई बोलत नाहीत. नका बोलू म्हणावं.

आता तू सांग, तुझा खांदा कधी बदलणार?

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.

तुझीच,
पुष्पा


रामटेक
४ डिसेंबर १९८१

चि. सौ. पुष्पलतास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मोठ्या बहिणीले असं उलटून विचारतात काय? लय राग आला. भांडी आपटली. मग मंगळवारी तुह्या भाऊजींना सासूबाईंपाशी बसवलं अन् अंबाळ्यावर गेली.

तुले ठाऊकच आहे, अंबाळा तलावावर माणूस अस्थी घेऊनच जाते. पायरीवरच्या भटजींनी विचारलं, कोण गेलं बाई? म्हटलं, कोणी नाही. मग काहून आल्या? म्हटलं, बसाले. त्याहिले समजेच ना. मी आपली बसली. पाण्यात देवळं हालत होती. एक पाणकोंबडी पिलं घेऊन पायरीपर्यंत आली, मले पाहून पळाली नाही. पुष्पे, मले लय बरं वाटलं वं. सासूबाई तशाच आहेत, तुह्या वॉर्डातल्या पोरीही तशाच जळून राहिल्या, तरी बरं वाटलं.

घरी आली तं तुह्या भाऊजींनी दूध उतू घातलेलं. सासूबाई खाटेवरून ओरडल्या, कुठं मेली होती? म्हटलं, मेली नव्हती, म्हणूनच गेली होती. उद्याही जाईन.

धाकटीवर माया तं आहेच. फुटाळ्यावर माह्यासाठी जागा धरून ठेव.

तुही,
ताई