बाकावर ऐकलेलं

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मिल त्याच्या आदल्या वर्षी बंद पडली होती. मी आता मल्हारगंजात एका एसटीडी बूथवर बसतो. शाळा नववीत सुटली, तरी अक्षर तुम्ही घोटून घेतलंत तसंच आहे, आणि चर्चमधल्या मंडळीच्या फळ्यावर दर रविवारचं वचन मीच लिहितो. आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेत. उद्या प्रभुभोजन आहे आणि प्रभूच्या आठवणीच्या भाकरीचं ताट सगळ्यांमध्ये फिरवायला पंचांनी मला नेमलंय. हे ज्याला सांगावं असं माणूस मला उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

तुमच्या वेळची रीत अजून चालू आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी पाच वाजता मागच्या खोलीत पुरुष दोघं-दोघं बाकांवर बसतात आणि जोडीदाराला तेच तीन प्रश्न विचारतात. कुणाशी अबोला आहे का, कुणाशी खोटं बोललास का, काय लपवतोयस. तुमचे जोडीदार काका होते, सख्खे नसले तरी मी काकाच म्हणायचो; मिलमध्ये लूमवरही शेजारी, बाकावरही. लूमखात्यात इतका आवाज असायचा की तुम्ही दोघं एकमेकांचे ओठ वाचून बोलायचात, आणि घरी आई हळू पुटपुटली तरी तुम्हाला खोलीच्या त्या टोकाहून कळायचं. मी आठ वर्षांचा असेन. बाकाच्या खोलीच्या दाराशी खेळताना एकाने बायकोवर हात उचलल्याचं कबूल केलेलं मी ऐकलं, आणि जेवताना ते मजेची बातमी म्हणून सांगितलं. तुम्ही हातातला घास ताटात ठेवता. आई म्हणते, "जाऊ द्या, लेकरू आहे." तुम्ही मला उष्ट्या हातानेच उठवून त्या माणसाच्या घरी नेता आणि माफी मागायला लावता. परत येताना एवढंच म्हणालात, "बाकावर ऐकलेलं बाकावरच राहतं. तिथून उचलून आणलं तर ती चोरी."

अठराव्या वर्षी मला बाकावर घेतलं तेव्हा काका म्हणाले, "याच्या बापाची जागा आहे, माझ्याशेजारीच बसेल." मिल सुटल्यावर ते एका कापडाच्या दुकानावर चौकीदार झाले होते. पाच महिन्यांपूर्वीच्या त्या शनिवारी त्यांनी आधी मला विचारलं, "बोल बेटा, काय लपवतोयस?" मी म्हणालो, "काही नाही, काका." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला रोज लागते आता. ड्यूटीवर पण. किती वेळा सोडली, हात कापतात यार." आणि रडले. मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांचा हात हातात धरला, आणि दुसऱ्या दिवशी उपासनेआधी पाळकसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. प्रभूचं मेज शुद्ध राहावं म्हणून सांगतो, असंही वर म्हणालो. पंचांनी काकांना बोलावलं, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर जाहीर केलं की सुधारेपर्यंत त्यांनी भोजनात भाग घेऊ नये. काका उठून गेले ते परत आले नाहीत. गेल्या महिन्यात काकू बूथवर आल्या. फोन करायचा नव्हता त्यांना. म्हणाल्या, "पूर्वी बाक जवळ आला की आठवडाभर तरी घेत नसत. तो एक बाक राहिला होता त्यांना. तोही काढून घेतला तुम्ही लोकांनी."

आज सकाळी मी काकांकडे गेलो. ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली, डोळे पिवळे. मला बघून हसले. "आइए पंचजी! अगं, कुर्सी आण, बडे लोग आले आहेत."

मी उभाच राहिलो. म्हणालो, "काका, चुकलं माझं. उद्या चला मंडळीत. मी पंचांशी बोलतो."

"उद्या ताट कोण फिरवतंय?"

"मी."

"अच्छा. मग तर यायलाच पाहिजे." पुन्हा हसले, मग हसणं गेलं. "बेटा, मी वीस साल लूमवर होतो. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतो, हे माझं आणखी एक पाप, हे पण सांग पाळकाला. तुझे ओठ दिसायचे मला. एक, दोन, तीन, चार. साठ झाले की आमेन. दीड साल बघितलं."

मी आत काकू ऐकतात का ते बघितलं.

"कुणाला सांगितलं मी? तुझ्या आईला सांगितलं? दर बाकाला विचारायचो, काय लपवतोयस. वाटायचं आज बोलेल, आज बोलेल." मग आत जाता जाता म्हणाले, "तुझा बाप असता तर त्याने पण तुझे ओठ वाचले असते."

बाबा, ते खरं आहे. प्रार्थना माझ्यातून कधी गेली ते मला कळलंही नाही. डोळे मिटले की आत कुणी नसतं, आणि मंडळीत लवकर आमेन म्हटलं तर लोक बघतील म्हणून मी आकडे मोजतो. त्या शनिवारी काका रडले तेव्हा मला दया आली नव्हती. राग आला होता. जे मला दीड वर्षात जमलं नाही ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि मोकळे झाले. मेजाची शुद्धता मला नंतर, पाळकसाहेबांच्या दारापर्यंत चालताना सुचली.

या वेळी उष्ट्या हाताने धरून न्यायला तुम्ही नाही. पंचांपुढे उभं राहून हे सांगितलं तर फळा जाईल, ताट जाईल, आईला मंडळीत मान वर करता येणार नाही. नाही सांगितलं तर उद्या याच हातांनी भाकर फिरवायची आहे. काकांचे हात धड नाहीत, पण ते खरं बोलले. आता साडेचार होत आले. पाच वाजता बाकावर माझ्याशेजारची जागा रिकामी असेल आणि मला कुणी काही विचारणार नाही.

हा कागद मी कुठे ठेवणार तेही ठरलेलं नाही. एवढंच सांगायचं राहिलं. लिहायला बसण्याआधी मी दार लावून गुडघे टेकले होते. समोर कुणी नव्हतं, कुणी बघत नव्हतं. तरीही मोजू लागलो. साठच्या आधीच, एकेचाळीसला थांबलो आणि हा कागद घेतला.